जाड गादी

आमच्या घरात उर्दू बोलतात, बाहेर मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. भांडणं आमच्याकडे भरपूर, कारण अब्बांचं डोकं तापट आणि माझं त्यांच्यावर गेलेलं. आम्ही बदनापूरचे पिंजारी. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरायचे; मी रॉक वाजवतो आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डी करतो. या दोन धंद्यांत लोकांना फार अंतर दिसतं, मला कधी दिसलं नाही. पिंजायची कमान म्हणजे माणसाएवढं लाकूड आणि त्यावर ताणलेली एक तात. तिच्यावर लाकडी ठोकळा मारला की कापूस उडायचा आणि गल्लीभर टण्ण असा आवाज घुमायचा. माझी सकाळ त्या आवाजानंच व्हायची. पुढं मी जुनी गिटार आणली तेव्हा गल्लीतले म्हणाले, बापाला एक तात होती, पोराला सहा फुटल्या.

सहा तातांवर पोट भरायला मात्र बदनापूर सोडावं लागलं. पुण्यात मी बँडांमधून वाजवलं. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, हॉटेलांत वाजवलं, एकदा तर एका बिल्डरच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला वाजवलं. त्या दिवशी कुत्रं भुंकल्यावर जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या आम्हाला अख्ख्या कार्यक्रमात पडल्या नाहीत. बँड एकामागून एक मोडले, बहुतेक माझ्याच तोंडामुळं. मग एका स्टुडिओत काचेच्या अलीकडं बसायला लागलो आणि तिथं जम बसला. बँडमध्ये भांडलं की हाकलतात. रेकॉर्ड करणाऱ्याला तेच काम म्हणून देतात.

तरी गावात स्वतःचा स्टुडिओ काढायचं मनातून जाईना. पुण्याचा मालक म्हणाला, "जा. पहिली रेकॉर्ड जमली तर तिकडंच राहा. नाही जमली तर परत ये, तुझी खुर्ची इथंच आहे." मी हे अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. अब्बा घरात एकटेच असतात. ते नुसतं "हौ" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दारात कापसाची पोती उतरवून घेतली.

स्टुडिओ म्हणजे आमच्या बंद दुकानाची मागची खोली. रेल्वेलाईन इतकी जवळ की गाडीचा भोंगा थेट माइकात शिरायचा. म्हणून भिंतींना गाद्या लावायचं ठरलं. फोमच्या गाद्या आल्यापासून अब्बांची कमान खुंटीला होती, ती खाली आली. जालन्यात मशीनवर कापूस पटकन पिंजून मिळतो, पण ते मी बोललो आणि पस्तावलो. दुकानातून पुन्हा टण्ण टण्ण सुरू झालं, बायका दारात येऊन बघायला लागल्या, आणि अब्बा सगळ्यांवर खूश होऊन ओरडत होते. ते असे खूश मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते, आणि खरं सांगतो, मीही हवेतच होतो.

अब्बांचे धंद्याचे दोन नियम होते. पहिला, शिवलेल्या गादीतून कापूस काढायचा नाही, मूठभरसुद्धा नाही. पूर्वी गिऱ्हाईक स्वतःचा कापूस आणून द्यायचं आणि शेवटचा टाका पडेपर्यंत समोर ठाण मांडून बसायचं, पिंजारी थोडा लांबवील म्हणून. अब्बांना ते फार लागायचं. उसवणारा हात चोराचा, असं ते म्हणायचे, आणि जन्मात त्यांनी एक गादी उसवली नव्हती. दुसरा नियम मला लहानपणापासून आवडायचा: पाहुण्याची गादी पातळ, घरच्याची जाड. पातळ गादीवरचा पाहुणा चार दिवसांत पाठ धरून स्टेशन गाठतो, म्हणायचे.

आमच्या भिंतींना त्यांनी अशी जाड गादी भरली की विचारू नका. भिंती झाल्या, छत झालं, दाराला आतून झाली. मी म्हणालो, "अब्बा, बस्स आता." त्यांनी ऐकलं नाही. वर प्रत्येक गादीची कड शेजारच्या कडेला शिवून टाकली, फट म्हणून राहिली नाही. खोली म्हणजे एकच गादी झाली आणि आपण तिच्या पोटात. गाडी गेली तरी नुसती पायाला कळायची. अब्बा येईल त्याला आत नेऊन दाखवायचे.

पहिला बँड आला कुंभार पिंपळगावचा. बहीण-भाऊ. ती शाळेत गणित शिकवते आणि गाते, तो ड्रम वाजवतो. जयंतीच्या स्टेजवर गात वाढलेली पोरगी, गळा असा की गर्दीतला शेवटचा माणूसही मान वर करून बघेल. आमच्या खोलीत तिनं तोंड उघडलं आणि आवाज वीतभर जाऊन मेला. ती अजून जोर लावायला लागली, मग सूर सुटायला लागला. भावाचा ड्रम पुठ्ठ्याचं खोकं बडवल्यासारखा. माझ्या लगेच लक्षात आलं. खोलीनं थोडा तरी आवाज परत द्यावा लागतो, ही सगळाच गिळत होती. घुमारा नंतर कॉम्प्युटरवर टाकता येतो, पण गाणाऱ्याच्या अंगात जोश टाकता येत नाही.

आता हे अब्बांना सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते चहाचा ट्रे घेऊन यायचे आणि मोठ्या आशेनं विचारायचे, "कैसा है कमरा?" मी म्हणायचो, "एकदम बराबर, अब्बा." मनात पुण्याच्या खुर्चीवर बसलेलो असायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं हेडफोन काढून ठेवले. "सर, माझा आवाजच गेला वाटतं. आम्ही निघतो." मी भडकलो, भाऊ माझ्यावर भडकला, आणि नेमके तेव्हाच अब्बा चहा घेऊन आले. मी डोळ्यांनी गप्प राहा म्हणेपर्यंत ती बोलून मोकळी झाली, "चाचा, राग मानू नका. पण या खोलीत मीच मला ऐकू येऊन न्हाई राह्यले."

अब्बांनी ट्रे खाली ठेवला आणि ते निघून गेले. मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळानं ते परत आले ते खांद्यावर कमान घेऊन. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी तातेवर ठोकळा मारला. आवाज तिथंच पायाशी पडला. कान तिरका करून पुन्हा मारला. मग स्वतःशीच हसले. "ये तो कबर बनाया मैं," म्हणाले.

खिशातलं पातं काढून त्यांनी समोरच्या भिंतीच्या गादीला लावलं. मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "अब्बा, राहू द्या, मी करतो." त्यांनी हात झटकला. "मेरा टाका है. मैंच खोलूंगा." आणि सर्रकन शिवण उसवली. हात खांद्यापर्यंत आत घालून मुठी मुठी कापूस बाहेर ओढायला लागले. बहीण-भाऊही सरसावले. खोलीभर पांढरं उडालं, सगळे शिंकायला लागले, आणि शिंकता शिंकता हसायला लागले. ती अख्खी भिंत रिकामी झाल्यावर अब्बांनी परत ठोकळा मारला. या वेळी टण्ण असा आवाज उघड्या भिंतीला लागून परत आला.

"चाचा, थांबू नका," ती म्हणाली. मी रेकॉर्डिंग चालू केलं, भावानं त्याच लयीवर ड्रम उचलला, मी गिटार घेतली, आणि तिनं असा आवाज लावला की दुकानासमोरून जाणारे थांबले. ते गाणं पहिल्याच झटक्यात झालं. रेकॉर्डवर ते कमानीनंच सुरू होतं, आणि नीट ऐकलं तर मध्ये एक शिंकही आहे. ती अब्बांची आहे, मी काढू दिली नाही. आता कुंभार पिंपळगावच्या बाजारात ते गाणं स्पीकरवर वाजतं.

संध्याकाळी बहीण-भाऊ हसत गेले. मी वायरी गुंडाळत होतो. अब्बा खाली बसून विखुरलेला कापूस गोळा करत होते. चांगला मोठा ढीग झाला. त्यांनी गादीचं एक रिकामं कापड पसरलं, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेरे पलंग को गादी नहीं है."

मी म्हणालो, "हौ."

"मग बोल. मोटी भरूं, की पतली?"

"मोटी," मी म्हणालो.