नानांच्या अँपचं परमिट

माझे सासरे, नाना, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. पण त्यांच्या डोक्यातली शिफ्ट अजून सुटलेली नाही. जळगावच्या आमच्या घरात मिक्सर बिघडला तरी ते आधी स्विच बंद करतात, मग त्या स्विचवर एक पत्र्याची पाटी अडकवतात: ‘माणसे काम करीत आहेत. स्विच लावू नये.’ याला ते परमिट म्हणतात. ज्याच्या नावावर परमिट, त्यानेच काम संपवून पाटी काढायची. दुसऱ्या कोणी, अगदी मोठ्या साहेबानेही, काढायची नाही. वीज केंद्रात हा नियम माणसं जिवंत ठेवतो हे मला मान्य आहे. आमच्या घरात मात्र एकदा या नियमामुळे दोन दिवस पुरणाशिवाय पोळी खावी लागली आहे.

गेल्या उन्हाळ्यात ही पाटी नानांच्या अँपवर लागली.

अँप म्हणजे स्टिरिओचा पॉवर अँप्लिफायर. काळा, परदेशी बनावटीचा, पुढे काचेमागे काटे हलणारे दोन मीटर. वजन असं की झाडून काढताना मी त्याच्या भोवतीनं झाडते. नाना आणि त्यांच्याबरोबर नोकरीला असलेले आबा, दोघांनी तरुणपणी मुंबईहून एकसारखे दोन अँप सेकंडहँड आणले होते. आबांचा मागेच जळला आणि भंगारात गेला. नानांचा चालत राहिला, म्हणून दर रविवारी संध्याकाळी वीज केंद्रातली जुनी मंडळी आमच्याकडे जमतात. जुन्या कॅसेट लावायच्या, काटे हलताना बघायचे, केळ्याचे वेफर्स खायचे आणि गाणं ऐकायचं सोडून एकमेकांना त्या गाण्याबद्दल सांगायचं, असा कार्यक्रम असतो.

समोरच्या ओळीत राहणाऱ्या आबांना हे सहन होत नव्हतं. त्यांनी त्याच उन्हाळ्यात कमरेएवढा उंच ब्लूटूथ स्पीकर आणला. गाणं सुरू झालं की त्यात निळे-जांभळे दिवे पळतात. “नाना, आता तुमचं ते इंजिन विका,” असं ते गल्लीतून ओरडून सांगत. नाना उत्तर देत नसत. अँप चालू होता तोवर उत्तराची गरजही नव्हती.

मग एका दुपारी वावटळ आली, वीज चार-पाचदा गेली-आली, आणि अँपचे दिवे मालवले.

नानांनी मागचं टोपण फिरवून फ्यूज काढला. करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी, आत बारीक तार. ती मधोमध तुटली होती. नानांनी ती उजेडात धरली आणि अहिराणीत निदान केलं. घरात ते अहिराणीच बोलतात. “काच काळी नही शे. म्हणजे मोठं काही नही.” काच काळवंडली असती तर आत मोठा शॉर्ट असतो, नुसती तार तुटली तर फ्यूज थकलेलाही असू शकतो. एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि बाजारातून दिसायला तसलेच चार काचेचे फ्यूज आणले.

पहिला बसवला, बटण दाबलं. टक्. गेला. दुसरा. टक्. तिसऱ्याला नानांनी बटण जरा हळू दाबून पाहिलं, जणू फ्यूजला कळू नये. टक्.

“मझार शॉर्ट शे,” नाना म्हणाले. मझार म्हणजे आत. आणि खुर्चीत बसले.

आमच्या यांनी दारातूनच सल्ला दिला, “चॉकलेटची चंदेरी गुंडाळा ना त्या नळीला.”

नानांनी मुलाकडे असं पाहिलं की ते चहा न घेताच बँकेत गेले. चंदेरीचा परिणाम मला ठाऊक आहे. माझं माहेर धुळ्याचं, वडिलांची पिठाची गिरणी होती. फ्यूज सारखा जातो म्हणून वडिलांनी त्यात एक चांगली जाड तार बांधली. फ्यूज जायचा थांबला. मोटर गेली.

नानांनी पाटी काढली, अँपच्या बटणाला अडकवली आणि मला बजावलं, “हात नको लावू. परमिट मना नाववर शे.”

मला त्या यंत्राला हात लावायची काडीची इच्छा नव्हती. पण प्रश्न रविवारचा होता, हे मलाही दिसत होतं. बातमी आबांपर्यंत पोचली होती आणि त्यांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, या रविवारी माझ्याकडे या. बैठक एकदा आबांच्या घरी गेली असती तर परत आली नसती. तिथे खुर्च्याही जास्त आहेत. आणि नानांकडून रविवार गेला असता तर त्यांच्यापाशी फक्त सोमवार ते शनिवार उरले असते, तेही दिवसभर, मी घराशेजारी चालवते त्या पिठाच्या गिरणीच्या दारात बसून माझ्या मोटरचा पट्टा कसा सैल आहे ते सांगत. माझाही स्वार्थ होताच.

“नाना, आत शॉर्ट आहे हे नक्की कसं कळणार?” मी विचारलं.

“सिरीज बल्ब लावाना.”

म्हणजे वीज थेट अँपला न देता आधी एका बल्बातून न्यायची. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. क्षणभर पेटून मंदावला तर आत सगळं ठीक. मात्र बल्ब जुना, तारेचा हवा. आता सगळीकडे एलईडी. शेवटी माझ्या गिरणीत जात्यावर लटकणारा बल्ब निघाला. पीठ इतकं बसलं होतं की तो पेटतो की नाही हेही कोणी पाहिलं नव्हतं. पुसला, पेटला.

नानांनी उरलेला चौथा फ्यूज बसवून जोडणी केली. मी बाजूला उभी राहिले, हात मागे बांधून, नियमाप्रमाणे. बटण दाबलं. बल्ब एकदम उजळला आणि हळूहळू तांबूस होत मंदावला. अँपच्या मीटरमागे किंचित उजेड आला.

“म्हणजे यंत्र चांगलंय,” मी म्हटलं.

नानांनी बटण बंद केलं.

“मग फ्यूज का जातात? गिरणी सुरू होताना हिसका मारते, तसा हाही मारत असेल. एकदा फिरायला लागली की निमूट चालते. हे फ्यूज तो पहिला हिसकाच सोसत नसतील.”

“तुले काय वाटस, मले माहीत नही का?” नाना उसळले. “याले स्लो फ्यूज लागस. हिसका सोसी लेस तो.”

“मग आणला का नाही?”

“चष्मा घरी राही गयथा.”

हे खरं होतं. चष्मा फ्रिजवर होता. मी पुढच्या महिनाभरात बोलायला ते राखून ठेवलं.

स्लो फ्यूज जळगावात मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल, आठवडा जाईल. ऑनलाइनही तेच. आणि मग मला कळलं की तसले फ्यूज गल्लीच्या पलीकडे, आबांच्या घरी, एका बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत. अँप भंगारात गेला, पण त्याचे राखीव फ्यूज आबांनी ठेवले होते. नानांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मी त्यानाकडे जावाव नही,” नाना म्हणाले.

“मी जाते.” आणि गेले. दोन मिनिटांचं काम, माझ्या मते.

आबा मूळचे यावलचे. बोलणं शहरी, पण खोड मुरलेली. डबा त्यांनी मांडीवर घेतला, झाकण उघडून मला फ्यूज दाखवले आणि झाकण लावलं.

“परमिट कोणाच्या नावावर आहे, सूनबाई?”

“नानांच्या.”

“मग सामान तुझ्या हातात कसं देऊ? ज्याचं परमिट, त्याने यायचं. नियम मी केलेला नाही.”

“आबा, नळीएवढी वस्तू आहे.”

“वस्तू लहान असते गं. अपघात मोठा असतो.” आणि हसू लपवण्यासाठी त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला. निळे दिवे पळायला लागले.

मी नानांना निरोप जसाच्या तसा सांगितला. अपघाताचं वाक्यसुद्धा. नाना तावातावाने म्हणाले की हे वाक्य मुळात त्यांचं आहे, आबांना कामावर त्यांनीच शिकवलं. मी म्हटलं, तेच सांगायला जा मग.

शनिवारभर ते गेले नाहीत. रविवारी दुपारी मात्र त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, पाटी काखेत घेतली आणि गल्ली ओलांडली. मी गिरणीच्या दारात होते. गहू पाखडायचे होते म्हणून.

नानांनी आबांच्या फाटकाची कडी वाजवली.

आतून आबांचा आवाज आला, “कंट्रोल रूम. कोण बोलतंय?”

“तुना बाप बोली ऱ्हायना. फ्यूज दे.”

“परमिट दाखवा.”

नानांनी पाटी उंच धरली. फाटक उघडलं, नाना आत गेले, आणि थोड्या वेळाने दोघं बाहेर आले. डबा आबांच्याच हातात होता.

“मी बसवणार,” आबा मला जाता जाता म्हणाले. “याचा चष्मा फ्रिजवर असतो असं ऐकलंय.” हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. नानांनीच सांगितलं असणार, आणि मला त्याचंच नवल वाटलं.

फ्यूज बसला. नानांनी काखेतली पाटी बाजूला ठेवली, बटण दाबलं. आतून एक जड गुरगुर आली, काटे थरथरले आणि जागेवर स्थिरावले. टक् झालं नाही. दोघंही काही क्षण त्या न झालेल्या आवाजाची वाट बघत उभे होते.

पाच वाजता मंडळी आबांच्या दारात जमली आणि कुलूप बघून गोंधळली. मी त्यांना हाक मारून आमच्याकडे वळवलं. कॅसेट लागली. आबा म्हणाले, खर्ज कमी आहे. नाना म्हणाले, तुझे कान कमी आहेत. म्हणजे सगळं सुरळीत होतं. मी गिरणीत गेले आणि राहिलेली ज्वारी दळायला मोटर सुरू केली.

मोटरने हिसका घेतला, घरातले दिवे मंदावले, आणि अँपचे दोन्ही काटे म्हणे एकदम खाली पडले. खिडकीत दोन डोकी दिसली.

“कोणी सुरू केलं? परमिट घेतलं होतं का?” आबा ओरडले.

“आते फ्यूज उडी जाई!” नाना ओरडले. फ्यूज गेला नाही. तो हिसका सोसणारा होता, त्यासाठीच तर आणला होता.

पुढच्या रविवारी ती पाटी माझ्या गिरणीच्या स्टार्टरला लटकलेली सापडली. मी ती काढली नाही. नियम मला पाठ आहे. दोघांना हाक मारून बोलावलं आणि सांगितलं, गिरणी माझी आहे, तिचं परमिट माझ्याकडून घ्यायचं, दारात उभं राहून, दर वेळी.

आता रविवारी पाच वाजता दोघं येतात. नाना पाटी धरतात, आबा विनंती करतात. बहुतेक वेळा मी देते. बाजरीचं दळण उरलं असेल तर थांबवते. तेवढा वेळ ते बाकावर बसतात आणि माझा पट्टा सैल आहे या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.