रविनावहिनीचे वाटे

आमची रविनावहिनी धसईची सून, कल्याणच्या ऑफिसात नोकरीला आणि सुट्टीच्या दिवशी पत्त्यांच्या स्पर्धांची पंच. पत्ते म्हणजे रमी नव्हे हो! राक्षस, वाघ, जादूगार छापलेली कार्डं. आधी पानं निवडायची, मग त्यांनी लढायचं. वहिनीचा सगळा जीव त्या निवडण्यात. पण गेल्या वर्षी राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत निवड चालू असताना अख्खं सभागृह मोबाइलमध्ये मान घालून बसलं. आयोजक म्हणाले, "यंदा पद्धत तुम्ही ठरवा. लोक पुन्हा कंटाळले, तर निवड कायमची बंद."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने प्रयोगासाठी माझ्या आईला, ताराबाईला, आणि शेजारच्या गिरजाकाकूला ओटीवर बसवलं. आधी जुनीच पद्धत: पुडकं फोडायचं, एक पान ठेवायचं, उरलेली शेजारणीकडे सरकवायची. आईने अख्खं पुडकं मांडीखाली घातलं.

"वाघ आलाय, जादूगार आलाय. गिरजेला देऊ? येडी हाय का मी?"

"आई, नियमच आहे तसा."

"नियम ठेव तुझ्याकडं!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. गिरजाकाकू मात्र वैतागली. "त्यापरीस वाटे घाला ना गो, माशांचे घालतात तसे."

ओढ्यावर मासे मिळाले की आमच्याकडे एकजण वाटे घालतो आणि स्वतः शेवटी उचलतो. लबाडी केली तर त्याच्याच पदरात काटे. वहिनी टुणकन उठली! पानं सगळ्यांसमोर उघडी. एकाने दोन वाटे घालायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. ठरलं! दोघी म्हाताऱ्या अशा रंगल्या की चुलीवरचा चहा उतू गेला.

अंतिम फेरीला आम्ही सगळे कल्याणला. अक्षय नावाच्या खेळाडूने एका बाजूला आठ पानं ठेवली, दुसऱ्या बाजूला एकटा वाघ. समोर बसलेल्या भूमिका नावाच्या मुलीचा हात पुढे गेला, मागे आला. मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. मोबाइल एकाच्याही हातात नव्हता. मला तर नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात आई उभी राहिली. "वाघ उचल गो पोरी, बाकी कचरा हाय!"

प्रेक्षकांनी खेळाडूला सुचवायला सक्त मनाई. सभागृह खदखदून हसलं. वहिनी लालबुंद झाली, ओठ दाबून तिने दाराकडे बोट केलं. "आई, बाहेर."

आई पदर खोचून निघाली आणि दारातच अडून राहिली. "जाते गो. कोणता वाटा उचलते तेवढं बघून जाते."

तिला बाहेर न्यायला स्वतः आयोजक धावले होते. त्यांची नजर पडद्यावरून हलेना.

"थांबा आजी," ते म्हणाले, "मलाही बघू द्या."