एकशे आठचा ईएसआर

एकशे आठ. मी नळ्यांच्या स्टँडसमोर वाकून आकडा पुन्हा वाचला.

ईएसआरची टेस्ट अगदी साधी. रक्त बारीक काचेच्या नळीत तासभर उभं ठेवायचं आणि लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. शरीरात कुठे सूज असली की त्या भराभर बसतात. त्या सकाळी स्टँडवर सहा नळ्या होत्या. पाच नळ्यांत लाल रेघ वरच होती. नानांच्या नळीत ती निम्म्याच्याही खाली गेली होती.

नाना म्हणजे भडगावजवळच्या एका खेड्यातले सुतार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेसच्या तपासणीसाठी आमच्या दवाखान्यात आले होते. मी तिथे लॅब टेक्निशियन.

"नाना, ताप, खोकला, सांधेदुखी?"

"काय बी नही. मी ते धडधाकट शे. तुमनी नळी खराब शे, ताई!"

मलाही तसंच वाटलं. नवीन नळी घेतली, परत रक्त घेतलं. पुन्हा तेवढाच. सीआरपी केलं. सूज असली की लिव्हर हे प्रोटीन बनवतं. तेही नॉर्मलच्या दसपट. बाहेर बाकावर नाना कोणाला तरी हसवत होते. आत त्यांचं रक्त वेगळंच काही सांगत होतं.

डॉक्टरांना फोन केला.

"वय झालंय, तंबाखू आहे, दात किडलेत. अँटिबायोटिक देतो. पंधरा दिवसांनी रिपीट कर."

पंधरा दिवसांनी एकशे सोळा. दात काढून झाले होते. एक्स-रे, लघवी, सगळं क्लीन. नाना तसेच हसतमुख. फक्त शर्ट खांद्यावर सैल दिसत होता.

त्या दिवशी अक्का, त्यांच्या पत्नी, सोबत होत्या. रिपोर्ट होईपर्यंत दोघांनी बाकावर डबा उघडला. मी काचेतून पाहत होते. भाकरी ताकात पार विरघळलेली. नानांनी घास घेतला, मान ताणली, डोळे मिटले. छातीवर हात ठेवून थांबले. मग पाणी. मग पुढचा घास.

मी बाहेर गेले. "नाना, कोरडी भाकरी शेवटची कधी खाल्ली?"

नाना हसायला गेले आणि थांबले. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी त्यांच्याकडे.

"मीच भिजाडी देस," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "कवयपासून, ते याद नही."

दोघांच्याही नकळत घरातलं जेवण बदलत गेलं होतं.

मी तिथूनच डॉक्टरांना कळवलं. जळगावला दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला. अन्ननलिकेच्या खालच्या भागात कॅन्सर.

"तंबाखू, उकळता चहा, ॲसिड यांनी वर्षानुवर्षं सूज राहिली की धोका वाढतो," डॉक्टर नंतर म्हणाले. "आणि कॅन्सरही सूज आणतो. नानांना आधी सूज होती की कॅन्सर, ते आता सांगता येणार नाही."

केमो, रेडिएशनचे शेक, मग मोठं ऑपरेशन झालं. नाना दोन वर्षं जगले. त्यातलं दीड वर्ष बऱ्यापैकी जेवले. मोतीबिंदू राहिलाच.

ईएसआर वाढला म्हणजे कॅन्सर असं नाही. बहुतेक वेळा साधंच काही निघतं. पण कारण सापडेपर्यंत कागदावर 'वय झालं' असं लिहू नये. वय हा आजार नाही.