वाघमारे मॅडमचा प्रश्न

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या वाघमारे मॅडम. डिग्री मला कॉलेजनं दिली. कागद वाचायला मॅडमनी शिकवलं. त्या आमच्या तालुक्याच्या संरक्षण अधिकारी होत्या. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बाईचा अर्ज त्यांच्या टेबलावरून कोर्टात जाई.

बाईच्या हातात त्या कोणताही कागद नुसता द्यायच्या नाहीत. समोर बसवून, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या. "सही तुझी हाय ना? मग आधी कान दे." एखाद्या वकिलानं घड्याळ पाहिलं तर म्हणायच्या, "साहेब, मार हिनं खाल्लाय. बसा जरा."

माझ्या ताईला संरक्षणाचा हुकूम मिळाला तेव्हा मी नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मी शिकावं म्हणून तिची शाळा चौथीतच सुटली होती. मॅडमनी वाचलं : दाजींनी तिला मारायचं नाही, आमच्या घराकडं फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. ताई म्हणाली, "हे समदं माझ्यासाठी लिवलंय?"

"हाव. जजसाहेबांनी. एक प्रत ठाण्यात गेलीय, ही तुझ्यापाशी ठेव."

दोन महिन्यांनी, मी सुट्टीत घरी असताना, दाजींकडची पाच जाणती माणसं आमच्या ओसरीवर आली. "जावईमाणूस हाय, चुकला. बाईमाणसाला कोर्ट शोभत न्हाई." वडिलांनी मान खाली घातली. बाँड पेपर त्या माणसांनी आणलेलाच होता. "पोरगं कॉलेजात हाय, त्यालाच लिहू द्या." मला तो मान वाटला. मी लिहिलं, दोघं गुण्यागोविंदानं नांदतील, कोर्टाचा हुकूम उभयतांच्या संमतीनं रद्द समजावा. ताई सासरी गेली.

तिसऱ्या आठवड्यात दाजींनी तिचं मनगट मोडलं. ठाण्यात जमादार बाँड पाहून म्हणाला, "हुकूम तर तुम्हीच रद्द केला की. आता आपसात मिटवा." मी मॅडमना फोन केला. त्या तासाभरात आल्या.

"जमादार, कोर्टाचा हुकूम कोर्टच उठवतं. तेही हिनं स्वतः अर्ज केला तर. ओसरीवर बसून उठत न्हाई. हुकूम मोडणं गुन्हा हाय, लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं. मग मॅडमनी बाँड हातात घेतला. "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"छान हाय." खालची सही पाहून त्यांनी विचारलं, "सहीच्या आधी ताईला वाचून दाखवला का?"

मी हाव म्हणालो. मॅडम ताईकडं वळल्या. "म्हणजे समजून उमजून सही केलीस? मग मी कशाला डोकं फोडून राहिले?" ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली.

मॅडम निवृत्त होऊन लातूरला गेल्या. परवा मी त्यांना हे पत्र पाठवलं :

"मॅडम, सा. न. वि. वि.

त्या दिवशी ठाण्यात मी खोटं बोललो. बाँड मी ताईला वाचून दाखवला नव्हता. ती सगळ्यांसाठी चहा ठेवत होती. मी कागद पुढं धरला, सहीची जागा दाखवली. तिनं विचारलं, 'काय लिवलंय, बाला?' मी म्हणालो, 'माझ्यावर भरोसा न्हाई का?'

तुमची बोलणी मी खायला हवी होती, ती तिनं खाल्ली.

ताई आता आमच्याकडंच असते. दाजी पुन्हा आले नाहीत. तिचं मनगट नीट बसलं नाही, भाकरी थापताना दुखतं. त्या बाँडचा विषय तिनं कधी काढला नाही. फक्त घरी कोणताही कागद आला, लाइटबिल असलं तरी, ती माझ्याकडं देत नाही. शेजारच्या काकूंकडून वाचून घेते. दोनदा.

आपला,
बालाजी"