सादिरकुल राजी नाहीत

सादिरकुल आके मरणार हे आमच्या गावानं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा ते मेले नाहीत, आणि हा अपराध गावानं त्यांना कधी विसरू दिला नाही.

खिंडीच्या पायथ्याशी रस्तेखात्याचं ठाणं होतं तेव्हापासून मी त्यांना ओळखत होतो; आके म्हणजे थोरला भाऊ, सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं. ते बुलडोझर चालवायचे आणि मी शेजारी फावडं घेऊन बसायचो. हिवाळ्यात खिंड बुजली की पीठ, कोळसा, बाळंतिणी, पेट्या, सगळं आमच्यामागून यायचं. बर्फाची भिंत कापता कापता ते मध्येच यंत्र बंद करून ऐकत बसायचे. कडा सरकणार असला तर आधी आवाज येतो, म्हणायचे. मला कधी काही ऐकू आलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो.

मग देश मोडला, ठाणं बंद पडलं, आणि एक दिवस चिनी ट्रक येऊन तो बुलडोझर पात्यासकट उचलून भंगारात घेऊन गेला. विकणारा ठाण्याचा मुख्य होता ओरोझाली, आकेंचा सख्खा धाकटा भाऊ. आके रस्त्याच्या कडेला टोपी घालून उभे होते. ट्रक वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले, मग घरी जाऊन गोठा साफ करायला लागले. ओरोझालीच्या घरावर त्या वर्षी नवे पत्रे चढले. दोघा भावांत यावर एक शब्द झाला नाही. ईदेला एकमेकांकडे जात, चहा पीत, मेंढ्यांबद्दल बोलत.

बायको गेल्यावर आके धाकट्या मुलाकडे, नुरगाझीकडे राहिले. सून कानिशाय. म्हातारपणाबरोबर गोळ्या आल्या. आमच्याकडे दवाखान्यातून म्हातारा रिकाम्या हातानं परत आला की डॉक्टर वाईट ठरतो, म्हणून प्रत्येक डॉक्टर काहीतरी देतो. गावच्या दवाखान्यानं रक्तदाबाची गोळी दिली, शहरातल्या हृदयवाल्यानं दुसरी. चक्करेसाठी तिसरी, झोपेसाठी चौथी, गुडघ्यासाठी आणखी एक. वसंतात आणि शरदात सलाइन. कानिशायनं सगळ्या गोळ्या साखरेच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या आणि ती चुकवत नसे. चुकवली असती तर लोकांनी तिला सोडलं नसतं.

त्या शरदात आके झोपूनच राहायला लागले. जागे झाले की भलतंच बोलायचे. कानिशायला आई म्हणायचे. भिंतीवरच्या गालिच्याला सलाम करायचे. जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं तेव्हा मीही गाडीत होतो. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला.

"वय?"

"एकोणऐंशी," नुरगाझी म्हणाला.

पेन थांबलं. "मग तुमची अपेक्षा काय आहे?"

नुरगाझीला कसली अपेक्षा ठेवावी ते कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला.

"मेंदूच्या नसा आहेत, हृदय आहे, वय आहे," बाई म्हणाल्या. "घरी न्या. घरचं अंथरूण बरं." वाईट बोलल्या नाहीत, मायेनंच बोलल्या. पुढचं आम्हाला समजलं. इस्पितळात मेलेल्या माणसाला कापून बघतात, आणि बापाला कापलेलं कुणाला चालत नाही.

घरी आणलं, गावाला निरोप गेला, आणि लोक यायला लागले. जाणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून आपलं सगळं भलंबुरं त्याच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, आमच्यावर राजी व्हा. तो म्हणतो, राजी आहे. तेवढं झालं की दोन्हीकडचे मोकळे. तो राजी न होता गेला तर ते मागे राहणाऱ्याच्या मुलाबाळांना, जनावरांना लागतं. आके डोळे मिटूनच म्हणायचे, "राजी, राजी." ज्यानं त्यांची गाय पळवली होती तो आला, राजी. मी बसलो, राजी. ओरोझाली आला, त्यांचा हात कपाळाला लावून बराच वेळ रडला. त्यालाही राजी. बाहेर आला तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. अंगणात मयत ठेवायच्या तंबूच्या काठ्या काढून ठेवलेल्या होत्या. मातीच्या दिवशी जेवणासाठी कापायची घोडी खुंटाला बांधलेली होती.

"आता कशाला गोळ्या," ओरोझालीच म्हणाला सुनेला. "घशात अडकेल एखादी. शांतपणे जाऊ दे."

कानिशायनं डबा फळीवर ठेवला आणि लोणी घातलेला चहा चमच्यानं पाजत राहिली. आठवडाभरात एका सकाळी आकेंनी डोळे उघडून खिडकीबाहेर बघितलं.

"ती घोडी कुणाची?"

कानिशायनं हातातला चमचा वाटीत ठेवला.

"एवढी चांगली घोडी उन्हात कशाला बांधलीय? सावलीत घ्या."

पहिल्या दिवशी सगळे आनंदले. दुसऱ्या दिवसापासून अवघडले. दूरच्या शहरातून रजा काढून आलेले नातेवाईक परत गेले, जाताना आकेंच्या डोळ्याला डोळा न देता. तंबूच्या काठ्या पुन्हा शेडमध्ये गेल्या. घोडी राहिली, कारण ती लागणारच होती. तिला रोज गवत लागायचं, आणि गवत घालायला आके जायचे.

वाटेत कुणी भेटलं की ठरलेली थट्टा. "काय आके, वरचा रस्ता कसा आहे?"

"साफ आहे. तुम्ही या निवांत."

पण वसंतात एका सुंतेच्या जेवणात मी बघितलं. आमच्याकडे मेंढ्याचं मांस वयाच्या मानानं वाटतात. कोणाला कोणतं हाड हे ठरलेलं असतं, आणि डोकं बैठकीतल्या सगळ्यात मोठ्यापुढे येतं. त्या दिवशी डोकं ओरोझालीपुढे ठेवलं. वाढणाऱ्याची चूक नव्हती. त्याच्या हिशेबात आके त्या रांगेत नव्हतेच. आकेंच्या वाट्याला बरगडी आली, आम्हा मधल्या माणसांसारखी. ओरोझालीनं एकदा भावाकडे बघितलं, मग सुरी घेऊन मेंढ्याचा कान कापून शेजाऱ्याला दिला. आकेंनी बरगडी खाल्ली, हाड स्वच्छ केलं, दुआ झाली तसे उठले.

हिवाळ्यात ते पडले. घोडीला गवत घालायला निघाले होते, अंगणात बर्फ होता. खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या त्याच बाईंनी फोटो उजेडात धरून बघितला.

"शस्त्रक्रिया राजधानीत होते. पण या वयाला कोण करणार? हृदय टिकायचं नाही. पडून राहू द्या, दुखण्याला सुई देते."

"पडून राहिले की काय होतं?" कानिशायनं विचारलं.

"पडून राहिल्यावर जे होतं ते," बाई म्हणाल्या.

घरच्यांची बैठक पुढच्या खोलीत झाली. आके मागच्या खोलीत, मध्ये नुसता पडदा. राजधानीत न्यायचं तर घोडी विकावी लागणार होती, एवढा एकच प्रश्न होता, पण तो प्रश्न कुणी तसा मांडला नाही.

"निरोप झालाय त्यांचा," ओरोझाली म्हणाला. "सगळ्या गावाशी राजी होऊन बसलेला माणूस. त्याला आता परक्या शहरात नेऊन कापायचं? अल्लानं दिलेले जास्तीचे दिवस होते, ते झाले."

"आणि घोडी विकली," त्याची बायको म्हणाली, "तर मातीला आलेल्या लोकांपुढे काय ठेवणार? शेरडू?"

नुरगाझी चहाच्या वाटीत बघत होता.

कानिशाय दाराशी उभी होती. सुनेनं अशा बैठकीत बोलायचं नसतं. "लोक येऊन कूस बदलतील का त्यांची?" ती म्हणाली. "जखमा होतील पाठीला. मी बघितलंय माझ्या आजीचं."

"नुरगाझी, तुझी बायको पंच झाली काय रे?" ओरोझाली म्हणाला.

"ओरोझाली!" पडद्यामागून हाक आली. "आत ये. सगळे या."

आम्ही आत गेलो. आके उताणे पडले होते. तोंडावर घाम होता, पण आवाज ठाण्यावरचा होता.

"तू रडलास तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"राजी आहे म्हणालात, आके. सगळ्यांनी ऐकलंय."

"त्या दिवशी मी या पोरीला आई म्हणत होतो. त्या गालिच्याला सलाम करत होतो. खरं की नाही?"

कानिशायनं मान हलवली.

"गालिच्याशी बोलणाऱ्या माणसाकडून घेतलेलं तुम्ही जपून ठेवलंय. ते मी परत घेतो. तुझ्यावर मी राजी नाही, ओरोझाली. नुरगाझी, तुझ्यावरही नाही. इथं जो जो बसून घोडीचा विचार करत होता, कुणावरच नाही." त्यांनी माझ्याकडेही बघितलं. "मला माझ्या पायांनी मुतायला जायचंय. घोडी विका."

ओरोझालीची बायको डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटली. असं कुणी कधी केलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. दिलेलं परत घेता येतं की नाही हे विचारायला ओरोझाली मुल्लाकडे जाऊन आला. मुल्लानं सांगितलं, माणूस शुद्धीत नव्हता तर ते धरायचं नाही. घोडी दुसऱ्या दिवशी विकली गेली.

खिंडीतून नेताना मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. राजधानीतल्या तरुण डॉक्टरानंही आधी वय विचारलं आणि ओठ दुमडले. भूल देणाऱ्या बाई मात्र म्हाताऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वय राहू दे. पडायच्या आदल्या आठवड्यात हे दिवसभर काय करायचे ते सांगा."

"घोडीला चारापाणी," कानिशाय म्हणाली. "स्वतः आंघोळ. भावाला शिव्या."

"मग करू या. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"कुठल्याच नाहीत. मरणार म्हणून बंद केल्या होत्या." तिनं पिशवीतून साखरेचा डबा काढला.

बाईंनी गोळ्या टेबलावर ओतल्या, दोन उचलून शेजारी ठेवल्या. "हे एकच औषध आहे. नावं दोन. त्यावर झोपेची आणि ही चक्करेची. एवढ्यानं जवान बैलसुद्धा गालिच्याशी बोलेल." त्या हसत नव्हत्या. नुरगाझी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शस्त्रक्रिया होऊन आके चालायची चार पायांची चौकट ढकलत घरी आले आणि स्वतःच्या पायांनी परसात गेले. त्यानंतर गाव त्यांच्याशी असं वागलं की बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा आदर. मेंढ्याचं डोकं पुन्हा त्यांच्यापुढे यायला लागलं. ओरोझाली दर शुक्रवारी मध, लोणी घेऊन यायचा, तपासणीला स्वतःच्या गाडीनं न्यायचा. जाताना हळूच म्हणायचा, "आके, तेवढं मनात धरू नका."

"गवत काय भावानं चाललंय?" आके विचारायचे.

मी एकदा म्हणालो, "म्हणून टाका की. काय जातं तुमचं?"

"म्हटल्यावर मला परत घरी ठेवतील," ते म्हणाले.

दोन हिवाळे असे गेले. मग छातीत पाणी झालं, आणि या वेळी खरंच काही उरलं नव्हतं. त्यांना ते आमच्याआधी कळलं होतं. आवाज आला असावा. "बास आता. घरी राहतो," ते म्हणाले. पण आता त्यांना घरी ठेवणार कोण? ते राजी झालेले नव्हते. ओरोझालीनं जिल्ह्यात नेलं, तिथून राजधानीत. नाकात नळी, लघवीला नळी, हाताला सुया. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. ओरोझाली म्हणाला, काय वाटेल ते करा, पण माणूस बोलता राहिला पाहिजे. छातीतलं पाणी काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. हात काळेनिळे झाले. सुई टोचताना ते माझ्याकडे बघत, आणि मी खिडकीबाहेर.

"मला घरी न्या," ते रोज म्हणायचे.

"नेऊ, आके, नेऊ. जरा बरं वाटू दे," ओरोझाली म्हणायचा, आणि खुर्ची पुढे ओढून वाट बघत बसायचा.

एका सकाळी आकेंनी त्याला बोटानं जवळ बोलावलं. "म्हटलं तर नेशील?"

ओरोझाली खुर्चीवरून उठला. आधी त्यानं दार उघडून डॉक्टरला बोलावून आणलं. "हे शुद्धीत आहेत ना? तुम्ही सांगा. साक्षीला हा माणूस आहे," म्हणून मला पुढे केलं. मग भावाला म्हणाला, "आके, रागावू नका. आज वार कोणता?"

"गुरुवार."

"आणि मी कोण?"

"तू ओरोझाली. माझा बुलडोझर तू चीनला विकलास." त्यांनी दम घेतला. "राजी आहे. आता ह्या नळ्या काढ."

ओरोझालीनं डोळे पुसले आणि गाडी आणायला धावत गेला.