बाणातला ‘ण’

जगात भित्री माणसं चिक्कार आहेत, पण निव्वळ भीतीच्या जोरावर विदुषी म्हणून नावाजलेली एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे. ती सातवीत शिकते, शाळेसाठी आमच्याकडे नगरला सावेडीत राहते आणि नात्यानं माझी भाची लागते. गाव तिचं नेवाशाच्या पलीकडे, म्हणजे माझ्या बहिणीचं सासर. अंगानं काडी, दोन वेण्या, आणि डोळे असे की समोरच्यानं आत्ताच काहीतरी वाईट बातमी आणली आहे असं वाटावं. तिला कुकरच्या शिट्टीची भीती वाटते. लिफ्टची वाटते, आणि लिफ्टमध्ये शेजारी भेटले तर शेजाऱ्यांची जास्त वाटते. फोन वाजायला लागला की ती त्याच्यापासून लांब जाऊन उभी राहते, आणि वाजायचा थांबला की कुणाचं काय झालं असेल या विचारानं नव्यानं घाबरते. रस्ता ओलांडताना माझ्या शर्टाचं टोक धरते ते पलीकडे गेल्यावरही सोडत नाही, कारण पुढे कधीतरी दुसरा रस्ता येणारच असतो. माझे बहुतेक शर्ट डाव्या बाजूनं ओघळलेले आहेत.

पण या झाल्या किरकोळ भीती. लोकांच्या डोळ्यांत भरली ती तिची भाषा. पाचवीत ती आमच्याकडे आली तेव्हा चारचौघींसारखं गावाकडचं बोलायची. पुढे दोनेक महिन्यांत काय झालं कोण जाणे, पोरगी एकदम ग्रंथ बोलायला लागली. ‘आणि’ हा शब्द तिच्या तोंडून नाहीसा झाला आणि त्या जागी ‘व’ आला. “मामा, मी व माझी सखी ग्रंथालयात गेलो व परतलो.” वरणाला ती डाळ म्हणायची, जेवणाला भोजन. ‘पण’ गेला, ‘परंतु’ आला. धाकटी बहीण आजारी पडली तर म्हणाली, “माझी भगिनी रुग्णालयात आहे,” आणि ‘रुग्णालय’ शब्दापाशी अशी काही दचकली, की तोंडात खडा आला असावा. लगेच सुधारून म्हणाली, “दवाखान्यात.” मी कचेरीतला माणूस. आयुष्य पत्रव्यवहारात गेलेलं. घरात असं ‘व’कारी मराठी ऐकून मला भरून यायचं. आमच्या सौ.चं मत वेगळं होतं. “ही पोरगी आहे की सरकारी गॅझेट?” असं ती विचारायची.

दारावरची बेल वाजली की ‘कोण आहे’ असं ही कधी विचारायची नाही. आतून घाबऱ्या आवाजात पुकारायची, “आपलं शुभनाव?” सिलिंडरवाला बिचारा हा चौकशीचा प्रकार समजून पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट सांगायचा. एकदा तिला कोपऱ्यावरच्या दुकानात लोणचं आणायला पाठवलं. मी पाठोपाठच होतो, त्यामुळे सगळं कानांनी ऐकलं. “खारातली कैरी द्या, अर्धा किलो,” ती म्हणाली. दुकानदारानं मिठाचा पुडा काढला, मग कैरीचं सरबत काढलं, मग डोकं खाजवलं. शेवटी हिनं बरणीकडे बोट दाखवलं. “आगं लोनचं म्हन की सरळ!” तो म्हणाला. “मला वाटलं ह्ये काय नवीन निघालं.” शाळेतही हेच. कवायतीच्या सरांनी रांगेत आकडे मोजायला लावले, तेव्हा हिच्या वाट्याला एकोणीस आला. ही म्हणाली, “वीसला एक कमी, सर.” सरांनी तिला शिक्षा करायचं ठरवलं होतं, पण मराठीच्या बाई मध्ये पडल्या. एकोणीसचा मूळ अर्थ तोच आहे, या वयात हे कळणं ही काय गंमत आहे, असं म्हणून त्यांनी तिला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली. तेव्हापासून शाळेत तिचा दबदबाच झाला.

दबदबा गावापर्यंत पोचला नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिला सोडायला गेलो, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या वडिलांनी मला गोठ्यामागं ओढलं. दुधाचा धंदा असलेला, गाईंशी दिवसभर बोलणारा साधा माणूस. चेहरा पडलेला. “पाव्हनं, पोरगीला काय झालंय ओ?” ते हळूच म्हणाले. “मी इचारलं, गोठ्यातलं शेन काढलं का? तर म्हनती, गोमय बाजूला सारलं. कुनी करनीबिरनी तर क्येली न्हाई ना?” मी हसलो. शिक्षणाचा परिणाम आहे, असं सांगून त्यांना धीर दिला. त्यांनी मान हलवली खरी, पण संध्याकाळी पोरीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्याच.

यंदा शाळेत सातवीसाठी वक्तृत्व स्पर्धा निघाली. बाईंनी कुणाला न विचारता पहिलं नाव हिचं घातलं. त्या दिवशी ती घरी आली ती तापच घेऊन. कपाळ भट्टीसारखं, हातपाय गार. सौ. पोळ्या करत होती, तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. मी विषय विचारला. तिनं दप्तरातून सूचनेचा कागद काढून दिला. त्यावर विषय होता : ‘माझी जडणघडण’.

“छान आहे की,” मी म्हणालो. “आपल्या स्वभावाबद्दल बोलायचं. कशी होते, कशी झाले.”

“विषय बदलतील का?”

“का गं?”

“मामा, त्यात दोन आहेत.”

“दोन काय?”

तिनं दाराकडे बघितलं. आम्हा दोघांखेरीज कुणी ऐकत नव्हतं. मग जमिनीवर सांडलेल्या पिठात बोटानं एक अक्षर काढलं आणि माझ्याकडे न बघता बसून राहिली. मी वाकून पाहिलं. ‘ण’ होता.

“बाणातला?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. “तो आपल्या गावात नसतो,” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गात हात वर करून “सर, पानी पिऊन येऊ?” असं विचारलं होतं. वर्ग खो खो हसला. पुढे कितीतरी दिवस मुलं तिला ‘ए पाऽनी’ अशी हाक मारत होती. तेव्हापासून तिनं त्या अक्षराची वाटच सोडली. ज्या शब्दात तो असेल तो शब्द घ्यायचा नाही. प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी आत उलटंपालटं करून तपासायचं, आणि कुठं तो बसलेला दिसला तर दुसरी वाट धरायची. आम्ही ज्याला विद्वत्ता समजत होतो ती धास्ती होती. शाळेत तोंड उघडायच्या आधी दर वेळी तिच्या छातीत धडधडायचं, आणि हे सगळं ती कुणालाही कळू न देता एकटी करत आली होती. 

मी म्हणालो, “अगं, हसले तर हसले. मुलंच ती.”

“मला हसले तर हसू देत,” ती म्हणाली. “आईला हसले तर मी काय करू?”

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. पालकसभेला ही दर वेळी सौ.ला घेऊन जायची. “आईला प्रवास झेपत नाही,” असं बाईंना सांगायची. माझी बहीण डोक्यावर भाजीचं गाठोडं घेऊन नेवाशाचा बाजार करते. तिला नगरचा प्रवास झेपत नाही यावर मी कसा विश्वास ठेवला, देव जाणे.

स्पर्धेला थोडेच दिवस होते. मी कंबर कसली. रोज कचेरीतून आलो की गच्चीवर आमचा वर्ग भरायचा. जीभ वर उचल, टाळूला मागे लाव, आता सोड. पाणी. लोणी. बाण. एकटी असली की तिला सुरेख जमायचं. कुणी बघितलं की जीभ घाबरून दातांशी येऊन बसायची. मग मी जास्त जोर लावला आणि त्यातून भलतंच झालं. जीभ एकदा वर गेली ती खाली येईना. पोरगी गावातला प्रत्येक ‘न’ उचलून टाळूला चिकटवायला लागली. “मामा, णारळ आणला.” “मामी, णळ बंद करा.” सौ. हसता हसता ओट्याला टेकली, आणि मी तिला डोळ्यांनी दटावलं, कारण पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता. त्या दिवसापासून मलाच झोप लागेना.

त्यात बहिणीचा फोन आला, की पोरीचं भाषण आहे तर मी येतेच. नको म्हणायची सोयच नव्हती. ती सकाळच्या एसटीनं आली, नवं लुगडं नेसून, हातात खव्याचा डबा. सभागृहात मागच्या रांगेत आम्ही बसलो.  पुढची मुलं धाडधाड बोलून जात होती. कुणाची जडणघडण थोर पुरुषांमुळे झाली होती, कुणाची पहाटे लवकर उठण्यामुळे. माझं कशातच लक्ष नव्हतं. मग हिचं नाव पुकारलं गेलं.

ती माईकपाशी आली. माईक तिच्या कपाळाच्या उंचीवर होता, शिपायानं तो खाली केला. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, “माझा विषय आहे, माझी जडणघडण.” दोन्ही ‘ण’ खणखणीत! मी बाकाची कड घट्ट धरली. पुढच्याच क्षणी ती म्हणाली, “सण्माणणीय गुरुजण व मित्रमैत्रिणींणो, सर्वांणा माझा णमस्कार.”

सभागृह फुटलं. मागचे बाक, पुढचे बाक, खिडकीत बसलेली पोरं, सगळे हसत सुटले. मराठीच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला, तो हसू दाबायला की रडू, कळेना. ती तशीच उभी होती.  माझ्या शेजारी बहीण. लोक का हसतायत हे तिला कळत नव्हतं, पण आपल्या लेकीला हसतायत एवढं कळलं होतं, आणि तिनं पदर तोंडात धरला होता. पोरीनं डोळे उघडले ते नेमके आईवर गेले. आता ती पळणार, असं मला वाटलं. मी अर्धा उठलोसुद्धा.

“हसा,” ती माईकमध्ये म्हणाली. आवाज फाटला होता. “पन मला बोलू द्या. माझी जडनघडन भीतीनं झाली. मी लई भित्री हाय. तुमी हसाल म्हनून मी माझ्या आईचे शब्द टाकून दिले. तिनं फोनवर इचारलं, जेवन झालं का? तर मी म्हनायची, भोजन झालं. मंग ती गप व्हायची. भीतीनं मला लई शब्द शिकवले. बाईंना वाटलं मी हुशार हाय. पन त्यातला एकबी शब्द आईशी बोलायच्या कामाचा न्हाई. मला आजूनबी भ्या वाटतंय. आत्ताबी वाटतंय. पन माझी आई तिथं मागं बसलीय, तिला कळंल असंच मी बोलनार.” पुढचं पाठ केलेलं भाषण ती विसरली, किंवा तिनं सोडून दिलं. ‘एवढे बोलून’ वगैरे काही न म्हणता खाली उतरली. टाळ्या कुणी वाजवल्याच नाहीत. हसलंही कुणी नाही.

निकालात तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मुख्य परीक्षकांनी खास उल्लेख केला, की या मुलीनं ग्रामीण बोलीचा अभिनय फारच सुरेख वठवला, सुरुवातीच्या विनोदी चुका तर अप्रतिम, तिनं नाटकात जावं. मी खुलासा करायला उठलो होतो, सौ.नं सदऱ्याला धरून बसवलं.

बाहेर फाटकापाशी बहिणीनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. “मला तर वाटायचं,” ती म्हणाली, “तू ते भोजन भोजन करती म्हंजी ते जेवनाऐवजी दुसरंच कायतरी असंल, मामाकडं तुला पोटभर वाढत्यात का न्हाई!” सौ.चा चेहरा बघण्यासारखा झाला. मायलेकी मात्र हसत होत्या, आणि हसता हसता पोरगी एकदम आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडायला लागली. कितीतरी दिवसांचं रडणं होतं ते. आम्ही दोघं उगाच दुसरीकडे बघत राहिलो.

आता ती कशीही बोलते. वर्गात ‘ण’, आईशी ‘न’, भांडताना दोन्ही. ‘ए पाऽनी’ म्हणणाऱ्या एका मुलाला तिनं “आलेच, ग्लास घेऊन ये” असं सांगितलं म्हणतात. कुकरला मात्र अजून भिते. परवा बाई तिला आणखी एका स्पर्धेसाठी पुण्याला घेऊन गेल्या. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. गर्दीतून वाट काढताना सवयीनं मी शर्ट सावरला, तर ती केव्हाच पुढे जाऊन एसटीत चढली होती. खिडकीशी बसून ती शेजारच्या म्हातारीशी काहीतरी भरभर बोलत होती. काच बंद होती. ती कुठल्या भाषेत बोलतेय, जीभ टाळूला लागतेय की दाताला, हे मी तिच्या ओठांवरून ओळखायचा फार प्रयत्न केला, पण मला ते कळलं नाही. म्हातारीला कळत असावं, कारण ती मान हलवत होती. गाडी मागे सरली, वळली आणि फाटकाबाहेर गेली. माझ्या छातीत उगाचच धडधडत होतं.