सरांचा रुमाल

पांडेसऱ्याच्या मैदानातून आम्ही कॉलेजची पोरं हवामानाचा फुगा सोडणार होतो. त्यात गॅस भरायला आलेल्या माणसाचं नाव कुणी विचारलंही नाही. सरांनी ऐटीत रुमाल धरून वारा पाहिला आणि फुग्याला टांगलेली यंत्रांची पेटी उतरेल तिथे उचलायला जीप समुद्रापासून लांब, आत चलथाणकडे पिटाळली. तो माणूस मात्र नळी गुंडाळता गुंडाळता गिरणीचं धुराडं बघत होता. उंचावर धूर उलटा, समुद्राकडे चालला होता.

"भाऊ, खालच्या वाऱ्याला विचारून वरचा फुगा सोडता का?" तो मला म्हणाला.

सरांनी त्याला शिक्षण विचारलं. आम्ही शहाणे हसलो.

फुगा पेटीसकट समुद्राकडे गेला. 'वारा अचानक बदलला,' असं सरांनी अहवालात घातलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते वाक्य मीच लिहिलं.